करंजदरीचे अंगठे

रखमाजी लढाईवर गेला तेव्हा सगुणाबाई सतरा वर्षांची होती. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. वेल्ह्याच्या पलीकडे तोरण्याच्या उतरणीला करंजदरी म्हणून पंधरा-वीस घरांची वाडी होती. त्या साली तिथून चौघे जण पलटणीत भरती झाले. दोघे परत आले. एक गेल्याचं कळलं. रखमाजीचा मात्र चव्वेचाळीस सालच्या हिवाळ्यात नुसता कागद आला. वेल्ह्याच्या मास्तरांनी तो वाचला आणि त्यातला एक शब्द पुन्हा वाचला. बेपत्ता. इटली देशात, कुठल्याशा नदीवर.

"म्हंजी मेला का?" रखमाजीच्या आईनं, कोंडाबाईनं विचारलं.

"तसं नाही लिहिलेलं."

"मग जित्ता हाय."

मास्तरांनी कागद तिच्या हातात दिला. कोंडाबाईनं कागदाची घडी केली आणि देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाखाली ठेवून दिली. त्यानंतर घरात त्याबद्दल बोलणं झालं नाही. सगुणाबाई कुंकू लावत राहिली. लग्नाकार्यात बायकांना प्रश्न पडायचा, हिची ओटी भरायची की नाही. एखादी भरायची. एखादी ताट पुढे नेताना दुसरीकडे बघायची.

अशी सहा वर्षं गेली. दोघी मिळून भाताची दोन खाचरं करत, वरच्या अंगाला नाचणी घेत. सगुणाबाईला एकाच गोष्टीची भीती वाटायची. नवऱ्याचा चेहरा आठवायला जावं तर पाठच आठवायची. शेतावर जाताना ती नेहमी त्याच्या मागून चालायची, त्यामुळे असेल. मानेवरचा तीळ लख्ख दिसायचा, चालताना डावा खांदा किंचित उतरायचा तोही दिसायचा. तो वळून बघेल असं वाटायचं, आणि तेवढ्यात सगळं पुसून जायचं.

पन्नास साली, भात झोडून झाल्यावर, वाडीत चिमाजी आला.

तो भोर तालुक्यातल्या भोंगवलीचा. तिशी ओलांडलेला, उंच, बोलताना मान खाली घालणारा. मुंबईला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. त्या साली गिरण्यांचा दोन महिन्यांचा संप झाला आणि मोडला. संपात पुढे उभे होते त्यांना परत घेतलं नाही, त्यात तो होता. बायको त्याआधीच मुंबईत तापानं गेली होती. मूल नव्हतं. गावी येऊन भावाबरोबर शेती करता करता तो खांद्याला कापडी पिशवी अडकवून डोंगरातल्या वाड्या हिंडत होता. पिशवीत कागद होते.

देवळापुढे माणसं जमली. वरच्या वस्तीवरचा हैबती धनगर घोंगडी पांघरून एका कडेला बसला होता. बायका मागे उभ्या होत्या.

"पाच वर्सांमागं जपानात एका शहरावर एकच बाँब टाकला," चिमाजी सांगू लागला. "एका बाँबनं शहर गेलं. म्हातारी-कोतारी, तान्ही पोरं, समदी. आता कोरियात लढाई पेटलीया. तितंबी टाकू म्हनत्यात. ह्या कागदावर लिवलंय, असला बाँब कुनी, कुठंच टाकू नये. जो आदी टाकंल त्यो समद्या मानसांचा गुन्हेगार. जगभर लोक सह्या करत्यात. गिरणीवाले, शेतकरी, मास्तर, बाया."

 मग हैबतीनं विचारलं, "मेंढरं बी मरत्यात का?"

"मेंढरं, गुरं, पाखरं. गवतसुदीक जळतं बाबा."

"गवत बी?"

"व्हय."

"मग आण हिकडं. कुठं उठवायचा अंगठा?"

माणसं हसली, पण उठली. एकेकानं शाईच्या डबीत बोट बुडवलं. शेवटी बायकांची पाळी आली तेव्हा सगुणाबाईनं विचारलं, "भाऊ, ह्यो कागद जानार कुठं?"

"पुन्याला. तितनं म्हमई, दिल्ली. मग परदेशात."

"इटलीला?"

चिमाजीला तिची हकीकत ठाऊक नव्हती. तो सहज बोलून गेला, "इटलीत तर लाखांनी सह्या झाल्यात वहिनी. लई जोर हाय तितं आपल्या कामगार मानसांचा."

ती पुढे आली. "मग माझ्या अंगठ्याम्होरं मालकाचं नाव लिवा."

"काय नाव?"

तिनं शेजारणीकडे बघितलं. नवऱ्याचं नाव तिनं उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. शेजारची साळूबाई म्हणाली, "रखमाजी. लढाईत हरवल्याला हाय तिचा मालक. इटलीतच."

चिमाजीनं लिहिलं. सगुणाबाई हलेना. "आनी म्होरं लिवा, ती वाट बघतीया म्हनून."

कागदावर तेवढी जागा नव्हती. चिमाजीनं मान खाली घालून कडेच्या कोऱ्या पट्टीत आडवं लिहिलं. वाट बघते. मग त्यानं तिच्याकडे न बघता डबी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी तो वरच्या वस्त्यांवर गेला आणि रिकामा परत आला. पाटलोण घातलेला माणूस दिसला की धनगर बायका पोरांना घेऊन रानात शिरत. जंगलखात्याचा असेल, नाहीतर देवीची लस टोचणारा असेल, असं त्यांना वाटायचं. सगुणाबाई म्हणाली, "म्या येते बरूबर. मला वळखत्यात समदी." गावात बोभाटा होईल हे तिला कळत होतं. तिनं कोंडाबाईकडे बघितलं. कोंडाबाई नाचणी पाखडत होती. सूप खाली न ठेवता ती म्हणाली, "कागद तिकडं जातोय न्हवं? जा मग."

पुढचे वीस-बावीस दिवस दोघं हिंडले. सकाळी भाकरी बांधून निघायचं, दिवस कलताना परतायचं. चिमाजीनं सुरुवातीला बाँबचं सांगितलं की लोक माना डोलवत आणि अंगठा मात्र पदराखाली ठेवत. सगुणाबाई वेगळंच विचारायची. "तुमच्यातला कोन गेलाय का लढाईवर?" बहुतेक घरातून कुणीतरी गेलेला असायचा. हैबतीची सून पारूबाई, तिचा भाऊ ब्रह्मदेशातून आला तो बोलायचाच बंद झाला होता. नुसता मेंढरांमागे फिरायचा. "अजून बोलत न्हाई," पारूबाई म्हणाली. "कुत्रं भुकलं की भुईवर पालथा पडतो." तिनं स्वतःचा अंगठा उठवला, मग भावाला धरून आणलं. तो अंगठ्याला लागलेल्या शाईकडे कितीतरी वेळ बघत राहिला.

वाटेत पाण्याच्या ठिकाणी दोघं थांबत. चिमाजी काटकीनं मातीत अक्षरं काढायचा. तिचं नाव तिला लिहिता आलं तेव्हा तिनं ते पुसू दिलं नाही. दोन दिवसांनी त्याच वाटेनं जाताना बघितलं तर गुरांच्या खुरांनी पुसलेलं होतं. ती खाली बसली आणि पुन्हा लिहिलं. त्या दिवसानंतर केव्हातरी ती त्याला भाऊ म्हणायची थांबली. त्याच्याही तोंडून वहिनी येईनासं झालं. तो सगुणाबाई म्हणू लागला. दोघांनाही ते कळलं होतं.

पौष महिन्यात गावच्या पाटलानं चिमाजीला बोलावून घेतलं. पाटील तसा वाईट माणूस नव्हता, पण भित्रा होता. भोरचं संस्थान जाऊन दोन-अडीच वर्षं झाली होती आणि नव्या सरकारात कशानं काय होईल हे त्याला उमगत नव्हतं. लाल बावट्यावाल्यांना धरतायत एवढं मात्र त्याच्या कानावर होतं. "माझ्या गावची मानसं तू कसल्या कागदावर अडकवतूस?" असं म्हणत त्यानं पिशवी ओढून घेतली. अंगणात पाणी तापवायचं चुलवण पेटलेलं होतं. कागद त्यात गेले. चिमाजीनं आगीत हात घातला तेव्हा दोघांनी त्याला मागे ओढून धरलं.

तो सगुणाबाईच्या दारात आला तेव्हा त्याच्या हाताला भाजलेलं होतं. पायरीवर बसून तो म्हणाला, "संपलं सगुणाबाई. महिन्याभराचं समदं गेलं. म्या काय तोंडानं आता परत जाऊ लोकांकडं?"

तिनं हाताला तेल लावलं. मग विचारलं, "कोरा कागद हाय का न्हाई?"

"एक गठ्ठा भोंगवलीला हाय घरी."

"घिऊन या. म्या जाते."

आणि ती एकटी गेली. चिमाजीनं वाडीत दिसू नये असं हैबतीनंच सुचवलं होतं. तिला चिमाजीसारखं बोलता येत नव्हतं. ती एवढंच सांगायची, की पाटलानं जाळले, परत द्या. पहिल्यांदा नाही म्हणालेल्यांनीही या वेळी अंगठे दिले, कारण पाटलानं जाळण्यासारखं त्यात काही असेल तर ते खरं असणार असं त्यांना वाटलं. पारूबाई म्हणाली, "अंगटा काय झिजतो व्हय? धा बार घे." नावं आता सगुणाबाई स्वतः लिहीत होती. काना-मात्रा चुकत होते, रेघ वर-खाली जात होती. आपल्या अंगठ्याच्या जागी तिनं सही केली आणि पट्टीत पुन्हा तेच दोन शब्द लिहिले.

शिमग्याच्या आधी ती आणि चिमाजी नसरापूरपर्यंत चालत आले आणि तिथून एस.टी.नं पुण्याला गेले. पुणं तिनं कधी पाहिलं नव्हतं. शांतता समितीचं काम एका शाळेच्या खोलीत चालायचं. तिथं कमळाबाई म्हणून एक शिक्षिका होत्या, पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या. त्यांनी कागद एकेक करून बघितले. कडेच्या पट्टीपाशी त्या थांबल्या.

"हे कुणी लिहिलं?"

"म्या."

कमळाबाईंनी तिला भिंतीवरच्या नकाशापाशी नेलं. पुणं दाखवलं, मुंबई दाखवली, मग निळ्या पाण्यावरून बोट नेत नेत इटलीवर ठेवलं. सगुणाबाईनं तिथं हात ठेवला. तिच्या तळव्याखाली सगळा देश झाकला गेला.

"यवढाच हाय?" ती म्हणाली. "मग कसा गावंना?"

कमळाबाईंनी चष्मा काढून पुसला. "तिथल्या कष्टकरी बायकांची एक संघटना आहे. याच कामात आहेत त्या. आपण त्यांना पत्र लिहू. सरकारनं शोधलं नसेल, त्या शोधतील. यजमानांचं नाव सांगा."

खोलीत पारूबाई नव्हती, साळूबाई नव्हती. चिमाजीला नाव ठाऊक होतं, पण तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. सगुणाबाईनं पदर तोंडाशी नेला, पुन्हा खाली घेतला. "रखमाजी," ती म्हणाली. नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं. आपल्या आवाजात ते कसं ऐकू येतं हे तिला माहीत नव्हतं. घरी परत जाताना एस.टी.त ती ओठांतल्या ओठांत ते नाव घेत राहिली.

पत्र गेलं, सोबत सगुणाबाईनं लिहिलेला तो कागदही गेला. मग वाट बघणं आलं. ते तिला नवीन नव्हतं. पण आधीची वाट नुसती होती, आता तिला दिशा होती. चिमाजी पंधरवड्यानं करंजदरीला यायचा. कुळकायद्यानं ज्यांना जमिनीचा हक्क मिळणार होता त्यांचे अर्ज लिहून द्यायचा, देवळात बसून चार माणसांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. पाटीलही आता त्याच्याकडून स्वतःचे अर्ज लिहून घेत होता. सगुणाबाईच्या दारात तो फक्त पाणी प्यायला थांबायचा. "पत्र न्हाई आलं," असं ती विचारायच्या आधीच सांगायचा.

बावन्न सालच्या वैशाखात तो तसाच थांबला असताना कोंडाबाई पाण्याला गेली होती. तांब्या परत देताना तो म्हणाला, "सगुणाबाई, एक इचारायचं हाय. आपल्यात बाईचा दुसऱ्यांदा पाट लागतो. तुमची मर्जी असंल तर—"

तिनं तांब्या घट्ट धरला. तिला राग आला नाही, याचंच तिला भय वाटलं.

"पत्राचं उत्तर येऊ द्या," ती म्हणाली.

"येऊ दे," चिमाजी म्हणाला. "म्या हाय."

उत्तर यायला दिवाळी उलटून गेली. इटलीतल्या बायकांनी लिहिलेलं, कुणीतरी इंग्रजी केलेलं, कमळाबाईंनी मराठीत उतरवून दिलेलं, असं तीन हातांतून आलेलं पत्र घेऊन चिमाजी दुपारी वाडीत आला. सगुणाबाईला आता अक्षरं जुळवता येत होती, पण हातानं लिहिलेलं भरभर वाचता येत नव्हतं. "तुमीच वाचा," ती म्हणाली. कोंडाबाई उंबऱ्यात बसली. चिमाजी ओट्यावर बसला आणि त्यानं वाचायला घेतलं.

"सगुणाबाई, माझं नाव एलवीरा. आमचं गाव डोंगरात, नदीच्या वर आहे. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात तुमच्या देशाचे शिपाई आमच्या गावात होते. आम्हाला खायला नव्हतं. ते पीठ मळून तव्यावर गोल भाकऱ्या भाजायचे आणि पोरांना द्यायचे. त्यांची नावं आम्हाला म्हणता येत नव्हती. त्यातले काही जण वारले. त्यांच्या माणसांनी त्यांना नदीकाठी जाळलं, ते आम्ही लांबून पाहिलं. जिथं तुमच्या शिपायांची नावं कोरून ठेवली आहेत तिथं आम्ही सहा जणी गेलो. शाळेच्या मास्तरांना बरोबर नेलं, म्हणजे अक्षर चुकायला नको. दोन दिवस वाचलं. तुमच्या माणसाचं नाव आम्हाला सापडलं नाही."

चिमाजी थांबला. कोंडाबाईनं हात जोडून कपाळाला लावले. "नाव न्हाई म्हनती न्हवं? बगा. जित्ता हाय."

"पुढं वाचा," सगुणाबाई म्हणाली.

"माझ्या नवऱ्याला आमच्या सरकारनं रशियावर चाल करायला पाठवलं. तो बर्फात कुठंतरी राहिला. दहा वर्षं होत आली. मीपण वाट बघते. लोक म्हणतात सोडून दे. शेतात काम करताना मला सुटल्यासारखं वाटतं, घरी आले की पुन्हा तेच. तुमच्या कागदाच्या कडेला तुम्ही जे लिहिलं ते मी आमच्या गावातल्या बायकांना वाचून दाखवलं. आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या आहेत. तुमची एलवीरा."

 मग सगुणाबाईनं विचारलं, "तिचा मालक आपल्या लोकांवर लढत व्हता का?"

"त्या बाजूचा व्हता."

"आन ती आपल्यासाठी दोन दिस नावं वाचीत बसली."

"व्हय."

कोंडाबाई पत्र देव्हाऱ्यात ठेवायला आत गेली. चिमाजी उठला, चपला घातल्या आणि तसाच उभा राहिला. "तुमास्नी सांगून टाकतो," तो हळू म्हणाला. "वाटंत म्या तीनदा वाचलं हे. कापूरहोळला एका झाडाखाली बसून. नाव सापडलं असं वाचलं असतं तर कुनाला कळलं नसतं. तसं वाचायचं मनात आलं व्हतं."

सगुणाबाईनं त्याच्याकडे पहिल्यांदाच सरळ, मान वर करून बघितलं. याच माणसाबरोबर आपल्याला राहायचंय हे तिला त्या क्षणी स्पष्ट कळलं. आणि आत देव्हाऱ्यापुढे सासू हात जोडून बसली होती. "आता कसं करू म्या?" ती म्हणाली. "आत्यांनी तर नाव न्हाई म्हनल्यावर दिवा लावला. म्या पाट लावला तर त्यास्नी मीच ल्योक मारल्यावानी व्हईल."

"कळतंय मला," चिमाजी म्हणाला, आणि गेला.

त्यानंतरही तो येत राहिला. येणं मात्र महिन्यावर गेलं. दोन वर्षं, अडीच वर्षं गेली. लोकांनी कुजबुजणंही सोडून दिलं.

पंचावन्न साली गोव्याचं सुरू झालं. पोर्तुगीज जात नव्हते, आणि पुण्यातून निःशस्त्र सत्याग्रह्यांच्या तुकड्या निघत होत्या. चिमाजी ज्येष्ठ महिन्यात निरोप घ्यायला आला. सगुणाबाई नाचणीचा तरवा टाकायला वाफे साफ करत होती.

"तितं गोळ्या घालत्यात म्हनं," ती म्हणाली.

"घालत्यात. आपुन हात उचलायचा न्हाई. सरळ चालत जायाचं."

"तुमास्नीच का जायाचं?"

चिमाजी बांधावर बसला. "कागदावर अंगठं घेतलं तवा लोक इचारायचं, यानं काय व्हनार? म्या सांगायचो, लढाईबिगर बी रस्ता निघतो. आता त्यो रस्ता दिसतोय तर म्या घरी बसू?"

तिला सांगायचं होतं, जाऊ नका. पण तो अधिकार तिनं घेतलेला नव्हता. मागितला असता तर मिळाला असता, तरी मागितला नव्हता. "संभाळून," ती म्हणाली. तो उतरणीवरून दिसेनासा होईपर्यंत ती विळा हातात धरून उभी राहिली.

सरहद्द ओलांडली त्या दिवशीच त्याच्या तुकडीला झोडपून काढलं. बऱ्याच जणांना परत ढकललं, काहींना गोव्यातल्या तुरुंगात टाकलं, त्यात चिमाजी होता. त्याला कित्येक वर्षांची शिक्षा झाल्याचं सुटून आलेल्या एकानं भोंगवलीला येऊन सांगितलं. त्यानं एक चिठ्ठी आणली होती, चपलेच्या पट्ट्यात दडवून. चिमाजीच्या भावानं ती करंजदरीला पोचवली. ही चिठ्ठी सगुणाबाईनं कुणाला वाचायला दिली नाही. बांधावर बसून एकेक अक्षर लावलं. 'बरा आहे. एक कान बंद झाला. इथं खिडकी नाही. करंजदरीची उतरण रोज आठवून एकदा चढतो.' खाली नाव नव्हतं, तिचंही आणि त्याचंही.

त्या पावसाळ्यात आणि पुढच्याही पावसाळ्यात ती काम संपलं की कुंपणापाशी जाऊन उतरणीकडे बघत उभी राहायची. कोंडाबाईचे गुडघे आता गेले होते. ओट्यावर बसून ती सुनेकडे बघायची. छप्पन्न सालच्या श्रावणातल्या एका दुपारी तिनं हाक मारली.

"सगुणे, तू कुनाची वाट बघतीस गं?"

सगुणाबाई कुंपण सोडून ओट्यापाशी आली.

"आदी एका मानसाची बघायचीस. आता दोगांची. यवढं कुनाला झेपतं?"

"आत्या, म्या कुठं काय म्हनले?"

"म्हनली न्हाईस, ह्येच म्हनते म्या." कोंडाबाईनं तिला शेजारी बसवलं. "त्यानं त्या दिशी पत्र वाचलं. खोटं वाचला असता तर माझं डोळं कुठं अक्षरं बघनार व्हतं? वाटंत मनात आल्यालं बी तुला सांगून गेला. म्या आतनं ऐकलंय समदं. चार वरसं झाली, म्या गप ऱ्हायले. माझं पाप झालं त्ये." तिनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "माझा ल्योक जित्ता हाय. माझ्यासाठी हाय. तुझ्यासाठी बी असलाच पायजे असं न्हाई."

सगुणाबाईनं सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं. सहा आणि सहा, बारा वर्षांत ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली. वाडीतल्या बायका दारात येऊन बघून गेल्या.

सत्तावन्न सालच्या माघात गोव्यातल्या तुरुंगातून सत्याग्रही सोडल्याची बातमी आली. ते बेळगावावरून येणार होते. भोंगवलीला जायचं तर चिमाजी साताऱ्याकडून येऊन सारोळ्याला, नीरेच्या पुलापाशी उतरणार. सगुणाबाईनं घरी बसून वाट बघितली नाही. साळूबाईला सासूजवळ ठेवून ती सारोळ्याला गेली. तिथं तिची मावशी अंबूबाई रस्त्याकडेला चहाचं दुकान चालवायची. पहिल्या दिवशी सगुणाबाई नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मावशीनं तिला कपबशा विसळायला लावल्या. साताऱ्याकडून एस.टी. आली की ती ओल्या हातानं रस्त्यावर जायची, उतरणाऱ्यांची तोंडं बघायची आणि परत यायची.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर एका गाडीतून पाच-सहा जण उतरले. गळ्यात वाळलेले हार होते, वाटेत कुठंतरी घातलेले. शेवटी उतरला त्याला तिनं ओळखलं नाही. केस पिकलेले, गाल बसलेले. तो जरा चालून थांबला, मान खाली घातली, आणि मग तिला कळलं.

तिनं हाक मारली. त्यानं वळून बघितलं नाही. बंद कान तिच्या बाजूला होता. तेव्हा ती पुढून जाऊन उभी राहिली.

"तुमी हितं?" चिमाजी म्हणाला. 

मावशीनं चहा दिला. बाकावर ती त्याच्या चालत्या कानाच्या बाजूला बसली. 

"इटलीवरनं आनिक काही आलं?" त्यानं विचारलं.

"तिचं पत्र येतं मधनंमधनं. तिच्या मालकाचं बी काही कळलं न्हाई." मग ती थांबली. तीन दिवस मनात जुळवलेलं तिला आता एकदम बोलायचं होतं. "आइका. माझ्या मालकाचं उत्तर आलं न्हाई. आता येनार बी न्हाई, मला कळतंय. पर वाट बघनं सुटत न्हाई. कधी सुटंल असं वाटत न्हाई. तुमच्याकडं आले तरी ती संगती घिऊनच येईन. चालंल का?"

चिमाजीनं कप बाकावर ठेवला. "घिऊन या," तो म्हणाला. "माझी बी गेल्याली कारभारीन म्हमईत ऱ्हायलीया की. तिला सोडून म्या कुठं हाय?"

तिनं त्याचा कप उचलून बाजूला ठेवला. मग त्यानं विचारलं, "आन आत्याबाई?"

"त्या बी येनार. त्यांचं एकच म्हननं हाय. वाडीत निरोप ठिवायचा, ल्योक आला तर त्याला भोंगवलीची वाट दावा म्हनून."

"ठिवू," चिमाजी म्हणाला. "वेल्ह्यात बी ठिवू, नसरापुरात बी."

त्या चैत्रात त्यांचा पाट लागला. चिमाजीच्या भावानं मागल्या अंगाची खोली दिली. कोंडाबाई सकाळी भोंगवलीच्या त्या घराच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसायची, भोरकडून येणाऱ्या वाटेवर डोळे लावून. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कुठल्या गावचा ते विचारायची. संध्याकाळी शेतावरून येताना सगुणाबाईही पाटी डोक्यावर सावरत त्या वाटेकडे एकदा बघायची. चिमाजी मागून येत असायचा. ती थांबली की तोही थांबायचा, आणि ती चालू लागली की चालायला लागायचा.